इलेक्ट्रोलिसिसला लावला की ऑक्सिजन इलेक्ट्रोडचे पोपडे सुटतात: खोट कुठे आणि इलाज काय

घन ऑक्साइड सेल म्हणजे ८०० अंशांच्या आसपास चालणारा सिरॅमिकचा सेल: मध्ये ऑक्सिजन आयन वाहणारा दाट इलेक्ट्रोलाइट, एका बाजूला ऑक्सिजन इलेक्ट्रोड, दुसऱ्या बाजूला हायड्रोजन आणि वाफेसाठी निकेलचा इलेक्ट्रोड. असा सेल इंधन सेल म्हणून आठवडेच्या आठवडे बिनतक्रार वीज देतो. त्याच सेलचा प्रवाह उलटा करून वाफ फोडायला लावली की पहिले दोन-तीन दिवस सगळं सुरळीत वाटतं. मग व्होल्टेज कणाकणाने चढायला लागतं आणि एखाद्या रात्री एकदम उडी घेतं. भट्टी थंड करून सेल बाहेर काढावा, तर ऑक्सिजनच्या बाजूचा काळा थर चिमट्याला अलगद लागून येतो, ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा यावा तसा. नवी पेस्ट करा, नवा सेल लावा, काही दिवसांनी पुन्हा तोच पोपडा.

माझ्याकडे सलग चार सेलचं असं झालं. पहिल्या तीन वेळा मी पावडरच बदलत राहिलो. इलेक्ट्रोडसाठी एलएसएम (लॅन्थनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइट) सोडून एलएससीएफ (लॅन्थनम-स्ट्रॉन्शियम-कोबाल्ट फेराइट) घेतलं, मग स्ट्रॉन्शियमचं प्रमाण बदललं, मग कणांचा आकार. चौथ्या वेळी सुटलेला तुकडा उलटा करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा उलगडा व्हायला लागला. इलेक्ट्रोडच्या पदार्थात फारसा दोष नव्हता, तुटत होता तो सांधा. उलटसुलट चालणाऱ्या घन ऑक्साइड सेलमध्ये इलेक्ट्रोड सुधारायचा म्हणजे बहुतेक वेळा त्याची अगदी तळची, इलेक्ट्रोलाइटला टेकलेली काही मायक्रॉनची पट्टी सुधारायची असते. वर तीस मायक्रॉन कितीही उत्तम पदार्थ असला तरी ती पट्टी सुटली की सगळं संपलं.

तुकडा उलटा करून पाहा

सेल फोडण्याआधी, घासण्याआधी, रेझिनमध्ये बसवण्याआधी सुटलेल्या तुकड्याची खालची बाजू आणि तो जिथून निघाला ती जागा, दोन्ही पाहा. साधा ऑप्टिकल सूक्ष्मदर्शक पुरतो. मला आजवर चार प्रकारची दृश्यं दिसली आहेत आणि चारींचा अर्थ वेगळा निघाला.

खालची बाजू काळी, स्वच्छ, आणि जिथून तुकडा निघाला तिथला इलेक्ट्रोलाइटही स्वच्छ, चकचकीत. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) त्या चकचकीत पृष्ठभागावर बारीक गोल कड्यांचे ठसे दिसतात. एलएसएमचे कण जिथे जिथे वायएसझेडला (यिट्रिया मिसळलेल्या झिर्कोनियाला, म्हणजे इलेक्ट्रोलाइटला) चिकटले होते तिथे तिथे ते उमटलेले असतात. हा निव्वळ सांध्यावरचा तुटवा. ऑक्सिजनचा दाब साठल्याची ही सर्वात सरळ खूण.

खालच्या बाजूला फिकट पिवळसर, दुधी पापुद्रा चिकटून आलेला. म्हणजे इलेक्ट्रोड आणि इलेक्ट्रोलाइट यांच्यामधला जीडीसीचा (गॅडोलिनियम मिसळलेल्या सेरियाचा) संरक्षक थर इलेक्ट्रोडबरोबरच उपटला गेला आणि तुटवा जीडीसी आणि वायएसझेड यांच्यामध्ये झाला. इथे इलेक्ट्रोडच्या पावडरीला हात लावून काहीही होणार नाही. जीडीसी कसा छापला आणि किती अंशांवर भाजला, तिकडे जा.

दोन्ही बाजूंना काळं. इलेक्ट्रोड स्वतःच मधून फाटला. भाजणी कमी पडली, किंवा पेस्टमध्ये बाइंडर (पावडर धरून ठेवणारा चिकट पदार्थ) जास्त होता आणि तो जळताना आत पोकळ्या राहिल्या, किंवा थर फार जाड छापला.

चौथं दृश्य फसवं आहे. सेल भट्टीतून काढला तेव्हा थर जागेवर होता, आणि टेबलावर दोन दिवस पडल्यावर तो भुगा होऊन सुटला. एलएसएममध्ये लॅन्थनम गरजेपेक्षा जास्त असेल तर मोकळं लॅन्थनम ऑक्साइड शिल्लक राहतं, हवेतल्या दमटपणाने त्याचं हायड्रॉक्साइड होतं, ते फुगतं आणि थर आतून कुरतडला जातो. हा चालवतानाचा बिघाड नव्हेच. चाचणीतल्या नोंदीत प्रतिकाराची उडी दिसत नसेल आणि तरी थर सुटलेला असेल, तर हेच कारण धरा.

रोग खरा की भास, ते ठरवा

इलेक्ट्रोलिसिसमध्ये सेल खराब होतोय असं दाखवणाऱ्या दोन गोष्टी प्रत्यक्षात सेलच्या बाहेरच्या असतात.

पहिली, तापमान. वाफ फोडायला उष्णता लागते. ८०० अंश सेल्सिअसला १.२९ व्होल्टच्या आसपास सेल ना उष्णता घेतो ना देतो. त्याखाली चालवला तर तो स्वतःला थंड करत राहतो. भट्टीचा काटा ८०० दाखवत असतो आणि सेल मात्र ७९० वर बसलेला असतो. वायएसझेडचा प्रतिकार या पट्ट्यात दर अंशाला पाऊण ते एक टक्का बदलतो, म्हणजे दहा अंशांच्या घसरणीत आठ-नऊ टक्के. प्रवाह वाढवल्यावर दिसलेली तेवढी ‘हानी’ निव्वळ थंडावा असू शकते. थर्मोकपलचं टोक सेलपासून काही मिलिमीटरवर आणा, भट्टीच्या भिंतीशी नको.

दुसरी, वाफ. बबलर (ज्यातल्या गरम पाण्यातून वायू बुडबुडत नेतात ते भांडं) ८२ अंशांच्या आसपास ठेवला की साधारण अर्धी वाफ मिळते. पण बबलरपासून भट्टीपर्यंतच्या नळीत एखादा वाकडा थंड सांधा राहिला तर तिथे थेंब जमतात, मग एकदम पुढे ढकलले जातात, आणि व्होल्टेज दर काही सेकंदांनी हेलकावे खातं. या हेलकाव्यांत निकेलला कधी वाफेचा उपास घडतो, कधी पूर. निम्मं हायड्रोजन आणि निम्मी वाफ, दुसऱ्या बाजूला हवा, ८०० अंश, या स्थितीत प्रवाह शून्य असताना ०.९४ व्होल्ट यायला हवेत. त्यापेक्षा बरंच कमी आलं तर गळती आहे, जास्त आलं तर वाफ कमी पोचते आहे. आणि आकडा स्थिर हवा. हा आकडा मी रोज सकाळी वहीत लिहितो. बिघाडाच्या निम्म्या चर्चा या एका ओळीवर मिटतात असा माझा अनुभव आहे.

इम्पिडन्सकडून काय विचारायचं

सेल चालू असतानाच पोपडा सुटायला लागल्याचं कळतं. त्यासाठी शून्य प्रवाहावर इम्पिडन्स (वेगवेगळ्या वारंवारतांच्या छोट्या प्रत्यावर्ती प्रवाहाला सेलचा अडथळा) घ्या: सुमारे १०० किलोहर्ट्झपासून ०.१ हर्ट्झपर्यंत, चार तारांनी, दर २४ तासांनी, नेहमी त्याच वायूंत. डाव्या टोकाला वक्र जिथे अक्षाला छेदतो तो ओहमी प्रतिकार. तिथून उजव्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे इलेक्ट्रोडचा ध्रुवीकरण प्रतिकार.

या दोन आकड्यांची चाल वेगवेगळी बघू नका, जोडीने बघा. थर सुटतो तेव्हा काम करणारं क्षेत्रफळच कमी होतं. चौथा भाग सुटला तर उरलेल्या तीन भागांतून सगळा प्रवाह जायचा, म्हणून ओहमी प्रतिकार आणि ऑक्सिजन इलेक्ट्रोडचा ध्रुवीकरण प्रतिकार, दोन्ही साधारण एकाच पटीत वाढतात. दोघे हातात हात घालून चढत असतील तर पोपडा. फक्त ओहमी चढत असेल आणि ध्रुवीकरण जागेवर असेल तर मध्ये एखादा रोधक थर तयार होतोय, किंवा वीज गोळा करणारी वरची जाळी इलेक्ट्रोडवरून उचलली गेली आहे, किंवा पलीकडे निकेल सांध्यापासून दूर सरकतंय. आणि फक्त ध्रुवीकरण चढत असेल तर थर शाबूत आहे, त्याला विषबाधा झाली आहे. क्रोमियम किंवा सिलिका शोधा.

कोणत्या इलेक्ट्रोडचा कमानीसारखा भाग वाढतोय याची शंका असेल तर वायू बदलून पाहा. हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन सोडल्यावर जी कमान हलते ती ऑक्सिजन इलेक्ट्रोडची. वाफेचं प्रमाण बदलल्यावर जी हलते ती निकेलच्या बाजूची. कमानी एकमेकींत मिसळलेल्या असतात, म्हणून डीआरटी विश्लेषण (मिसळलेल्या कमानी वेगवेगळ्या शिखरांत सोडवणारं गणित) करणं उत्तम, पण वायू बदलण्याची ही साधी चाचणी केल्याशिवाय डीआरटीच्या शिखरांना नावं देऊ नयेत. सॉफ्टवेअर शिखरं काढून देतं, ती कोणाची आहेत हे सांगत नाही.

दाब येतो कुठून

इंधन सेल म्हणून चालताना ऑक्सिजन बाहेरून इलेक्ट्रोडमध्ये शिरतो आणि आयन होऊन इलेक्ट्रोलाइटमध्ये जातो. प्रवाह उलटला की आयन इलेक्ट्रोलाइटमधून येतात आणि सांध्यापाशी वायू होऊन बाहेर पडतात. प्रति चौरस सेंटिमीटर १ अँपिअर प्रवाहाला दर मिनिटाला साधारण साडेतीन मिलिलिटर ऑक्सिजन निघतो. छिद्रं मोकळी असतील तर हे काहीच नाही, तो सहज निघून जातो. प्रश्न असतो बंद छिद्रांचा, आणि सांध्यालगतच्या त्या चिमुकल्या पोकळ्यांचा, ज्यांना बाहेरची वाटच नाही.

तिथे किती दाब साठू शकतो? हिशेब एका ओळीचा आहे. इलेक्ट्रोडवर जितकं जादा व्होल्टेज खर्ची पडतं त्याच्या घातांकाने दाब वाढतो. ८०० अंशांवर, हवेत, ०.१ व्होल्ट जादा खर्ची पडत असतील तर दाबाची कमाल मर्यादा १६ वातावरणांच्या आसपास येते. ०.२ व्होल्ट केले तर १२०० वातावरणं. प्रत्यक्षात दाब एवढा चढतोच असं नाही. इलेक्ट्रोलाइटमधून थोडे इलेक्ट्रॉन झिरपतात, पोकळ्यांना कुठे तरी वाट सापडते. पण मर्यादा कुठे आहे ते पाहा. जादा व्होल्टेज दुप्पट झालं की दाब दुप्पट होत नाही, पंचाहत्तर पट होतो. असा दाब पेलणारा भाजलेला सिरॅमिक सांधा अजून कुणी बनवलेला नाही.

अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाचे अनिल विरकर यांनी २०१० मध्ये या पोपडे सुटण्याचं गणिती प्रारूप मांडलं. इलेक्ट्रोलाइटमध्ये इलेक्ट्रॉनांची अगदी थोडी वाहकता धरल्याशिवाय आतला ऑक्सिजन दाब ठरवताच येत नाही, हा त्यातला मला सर्वात उपयोगी वाटलेला मुद्दा. इलेक्ट्रोलाइट जितका ‘शुद्ध’ आयनवाहक, तितकं सगळं आदर्श असं आपण धरून चालतो, आणि सांध्यावर नेमकी हीच समजूत अंगाशी येते.

यातून इलाजाची दिशा ठरते. सांधा अधिक घट्ट करणं हा दुय्यम उपाय. मुख्य उपाय म्हणजे ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर खर्ची पडणारं जादा व्होल्टेज उतरवणं. ०.१ चं ०.०५ केलं तर १६ वातावरणांचा धोका पावणेदोन वातावरणांवर येतो. नव्या पदार्थाची किंमत मी आता याच मापाने करतो: प्रति चौरस सेंटिमीटर १ अँपिअरला त्याच्यावर किती मिलिव्होल्ट जातात?

आणखी एक गोष्ट चालवण्याच्या पद्धतीची आहे. डेन्मार्कच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतल्या गटाने २०१५ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये दाखवून दिलं की एलएसएम-वायएसझेडचे जे सेल प्रति चौरस सेंटिमीटर १ अँपिअरला सतत इलेक्ट्रोलिसिसमध्ये ठेवले की लवकर ढासळतात, तेच सेल मध्ये मध्ये इंधन सेल म्हणून चालवले तर ती हानी होतच नाही. साठलेला दाब सांध्यात तडे पाडण्याआधीच ओढून घेतला जातो. म्हणजे उलटसुलट चालणं हा या सेलवरचा निव्वळ अत्याचार नाही, काही अंशी विश्रांतीही आहे. टिकाऊपणाची चाचणी फक्त सलग इलेक्ट्रोलिसिसमध्ये घेतली तर पदार्थाला त्याच्या खऱ्या कामापेक्षा कठोर परीक्षेत बसवल्यासारखं होतं; निकाल मांडताना हे स्पष्ट लिहावं.

एलएसएम असेल तर

एलएसएम इलेक्ट्रॉन उत्तम वाहतं, ऑक्सिजन आयन जवळपास वाहतच नाही. त्यामुळे सगळा ऑक्सिजन एलएसएम, वायएसझेड आणि छिद्र जिथे एकत्र भेटतात त्या रेषांवरच निघतो. नुसतं एलएसएम छापलं तर या रेषा फक्त तळाशी असतात आणि सगळा भार सांध्यावर येतो. म्हणून पहिली दुरुस्ती ही: नुसतं एलएसएम कधीही थेट इलेक्ट्रोलाइटवर छापू नका. तळाला एलएसएम आणि वायएसझेड यांचं साधारण निम्मं-निम्मं मिश्रण, त्यावर वीज गोळा करायला नुसतं एलएसएम.

दुसरी दुरुस्ती पावडर मागवताना. लॅन्थनम-स्ट्रॉन्शियमची बाजू दोन ते पाच टक्के तुटीची असलेलं एलएसएम घ्या. त्याने लॅन्थनम झिर्कोनेट हा रोधक थर दबतो, आणि वर सांगितलेला टेबलावर भुगा होण्याचा प्रकारही टळतो. भाजणी ११०० ते ११५० अंशांत ठेवा. चिकटावं म्हणून १२५० वर नेण्याचा मोह होतो. चिकटतं खरं, पण झिर्कोनेटही तयार होतं आणि पहिल्या दिवसापासून ओहमी प्रतिकार चढा राहतो.

एलएससीएफ असेल तर

इथे मी जास्त वेळ घालवला, आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. एलएससीएफ आयन आणि इलेक्ट्रॉन दोन्ही वाहतं, त्यामुळे ऑक्सिजन सांध्यापुरता न राहता काही मायक्रॉन खोलीत विखरून निघतो, जादा व्होल्टेज कमी लागतं. इलेक्ट्रोलिसिसला ते एलएसएमपेक्षा चांगलं. पण त्याच्यामागे दोन लचांडं आहेत.

एक, प्रसरण. दर अंशाला दशलक्षांश भागांत मोजलं तर वायएसझेड साधारण साडेदहा, जीडीसी साडेबारा, एलएसएम अकरा-बारा, आणि एलएससीएफ पंधरा ते सतरा. ८०० अंशांवरून थंड होताना एलएससीएफ बाकीच्यांपेक्षा जास्त आक्रसतं आणि सांधा ओढतं. थरात साठणारी ही ओढ जाडीबरोबर वाढते. म्हणून जाड थर छापून ‘जास्त पदार्थ, जास्त काम’ असं होत नाही. पातळ थर जास्त टिकतो. जीडीसीमध्ये मिसळून केलेलं मिश्रण प्रसरणही खाली आणतं आणि आयनांना वाटही देतं. मी आता तळाचा थर मिश्रणाचाच ठेवतो आणि त्यावर नुसत्या एलएससीएफचा भरड थर, जाळीला टेकायला.

दोन, स्ट्रॉन्शियम. ते एलएससीएफमधून बाहेर पडतं आणि वायएसझेडपर्यंत पोचलं की स्ट्रॉन्शियम झिर्कोनेट होतं, जे आयन जवळपास वाहतच नाही. ते अडवायला मध्ये जीडीसी. पण स्क्रीनने छापलेला जीडीसी भाजल्यावरही सच्छिद्र राहतो, आणि स्ट्रॉन्शियम घन पदार्थातून जितकं जातं त्यापेक्षा सहज छिद्रांच्या वाटेने जातं. बरेचसे झिर्कोनेट चालवताना नव्हे तर एलएससीएफ भाजतानाच तयार झालेले असतात. पहिल्या दिवशीचा ओहमी प्रतिकार इलेक्ट्रोलाइटच्या जाडीवरून काढलेल्या आकड्यापेक्षा बराच जास्त आला तर शंका इथे घ्या.

मग जीडीसी जास्त तापवून घट्ट करावा? १२५० ते १३०० अंशांपर्यंत हो. त्यापुढे सेरिया आणि झिर्कोनिया एकमेकांत विरघळतात, आणि त्या मिश्रणाची वाहकता दोघांपेक्षा कितीतरी कमी. शिवाय एकमेकांत शिरण्याचा वेग असमान असल्याने सांध्यावर पोकळ्या पडतात. दुधी पापुद्रा चिकटून आलेला तुकडा आठवा. माझ्या चौथ्या सेलमध्ये तो तसाच होता, आणि छेद घेऊन पाहिल्यावर पोकळ्यांची रांग दिसली, कागदावर छिद्रांची ओळ पाडावी तशी. थर त्या ओळीवरच फाटला होता. मी जीडीसी १४०० वर भाजला होता, ‘घट्ट बसावा’ म्हणून.

त्यानंतर काय केलं ते सांगतो. जीडीसीची पावडर आधी जास्त वेळ दळली. पेस्ट पातळ केली आणि एक जाड थर छापण्याऐवजी दोन पातळ थर छापले, मध्ये वाळवून. भाजणी १२५० वर. एलएससीएफ १०५० वर, आधी मी ते ११०० च्या वर नेत असे. पहिल्या दिवशीचा ओहमी प्रतिकार लगेच खाली आला. ज्यांच्याकडे स्पटरिंग किंवा लेझरने थर चढवायची सोय आहे त्यांनी छपाईवर वेळ घालवू नये, एखाद-दुसऱ्या मायक्रॉनचा दाट जीडीसी कमी तापमानावर बसतो आणि हा सगळा पेच सुटतो.

छेद पाहताना ईडीएसच्या (एक्स-रेच्या रेषांवरून मूलद्रव्यं ओळखण्याच्या पद्धतीच्या) दोन फसवणुका लक्षात असू द्या. कमी ऊर्जेला स्ट्रॉन्शियमची रेषा सिलिकॉनच्या अगदी शेजारी येते, त्यामुळे काचेच्या सीलमधली सिलिका स्ट्रॉन्शियम म्हणून नोंदली जाते, किंवा उलट. आणि लॅन्थनमची एक रेषा क्रोमियमच्या मुख्य रेषेवर जवळपास बसते. एलएससीएफमध्ये क्रोमियम नसतानाही नकाशात क्रोमियम ‘दिसतं’. स्ट्रॉन्शियमसाठी व्होल्टेज वाढवून वरची रेषा वापरा, क्रोमियमसाठी डब्ल्यूडीएसची (जवळच्या रेषा वेगळ्या दाखवणाऱ्या एक्स-रे पद्धतीची) खातरजमा घ्या.

क्रोमियमबद्दल थोडक्यात: क्रोमियम सोडणाऱ्या स्टीलच्या इंटरकनेक्टशिवाय (सेल एकमेकांना जोडणाऱ्या पट्टीशिवाय), नुसत्या अॅल्युमिनाच्या साच्यात एक सेल चालवा. हानी नाहीशी झाली तर स्टीलवर मँगनीज-कोबाल्ट स्पिनेलचा लेप द्या आणि हवा कोरडी ठेवा. इलेक्ट्रोडवर वेळ दवडू नका.

सांधाच काढून टाकणं

माझ्या मते सांध्यापुरता सर्वात टिकाऊ इलाज हा आहे, कष्टाचा असला तरी. इलेक्ट्रोलाइटबरोबरच त्याच पदार्थाचा सच्छिद्र सांगाडा एकत्र भाजायचा. दाट वायएसझेडवर सच्छिद्र वायएसझेड, उच्च तापमानाला, एकजीव. मग त्या सांगाड्यात क्रियाशील पदार्थ द्रवाच्या रूपाने मुरवायचा. असं केलं की वेगळा पदार्थ उच्च तापमानाला इलेक्ट्रोलाइटशी कधी भिडतच नाही, आणि यांत्रिक सांधा एकाच सिरॅमिकचा राहतो.

मुरवण्याचं काम हाताचं आहे. लॅन्थनम, स्ट्रॉन्शियम, मँगनीज यांची नायट्रेटं योग्य प्रमाणात पाण्यात, त्यात सायट्रिक आम्ल. पिपेटने एक थेंब सांगाड्यावर सोडायचा. तो लगेच पसरून पृष्ठभाग ओला काळसर झाला तर छिद्रं मोकळी आहेत. थेंब गोल राहून वरच बसला तर सांगाड्यात बाइंडरची काजळी उरली आहे किंवा द्रव फार घट्ट आहे. थोडं इथेनॉल घालून पाहा. मग निर्वात पात्रात दोन मिनिटं. बुडबुडे यायचे थांबले की वरचा जादा द्रव टिपकागदाने पुसायचा. हे पुसणं राहिलं तर वर कवच धरतं, आणि ते कवच पुढच्या थेंबाला आणि नंतर ऑक्सिजनलाही अडवतं. मग ४५० अंशांवर भाजणी, आणि पुन्हा पहिल्यापासून, वजन हवं तितकं वाढेपर्यंत. मी प्रत्येक फेरीनंतर वजन लिहितो. एखाद्या फेरीत ते वाढलं नाही तर तोंडं बुजली आहेत असं समजून थांबतो.

प्रेझिओडिमियम ऑक्साइड मुरवणं याहून सोपं आहे, एकच नायट्रेट, प्रमाण बिघडायची भीती नाही. जीडीसीच्या सांगाड्यात ते ६०० ते ७०० अंशांत फार चांगलं काम करतं. पण ८०० ला जास्त दिवस ठेवलं तर मुरवलेले बारीक कण एकमेकांत मिसळून जाड होतात आणि सुरुवातीचा फायदा ओसरतो. मुरवणं हा कमी तापमानाचा इलाज आहे. ८०० लाच चालवायचं असेल तर त्याच्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

निकेलेटांचा, म्हणजे लॅन्थनम, निओडिमियम किंवा प्रेझिओडिमियमच्या थरदार निकेलेटांचा, इथे खास विचार करावा. त्यांच्या जाळीत ऑक्सिजन प्रमाणापेक्षा जास्त मावतो, त्यामुळे ऑक्सिजन सोडण्याच्या दिशेने ती जास्त सहज चालतात, आणि त्यांत स्ट्रॉन्शियम नसतं. प्रेझिओडिमियमचं निकेलेट सर्वांत चपळ, पण चालताना ते फुटून दुसरे ऑक्साइड होतात. एक्स-रे चाचणीत त्या खुणा दिसल्या म्हणून लगेच घाबरू नका. फुटून झालेलं प्रेझिओडिमियम ऑक्साइडही क्रियाशील असतं. लक्ष ध्रुवीकरण प्रतिकारावर ठेवा.

पलीकडची बाजू

ऑक्सिजन इलेक्ट्रोड सुधारला की खूप वेळा पुढचा बळी निकेलचा असतो, आणि त्याची लक्षणं ऑक्सिजनच्या बाजूची वाटतात. जोराच्या इलेक्ट्रोलिसिसमध्ये निकेल इलेक्ट्रोलाइटपासून दूर सरकतं. सांध्याजवळ नुसता वायएसझेडचा सांगाडा उरतो, म्हणजे इलेक्ट्रोलाइटच जणू जाड झाला. ओहमी प्रतिकार चढतो, ऑक्सिजनची कमान हलत नाही. वाफ बदलून पाहण्याची चाचणी इथे कामी येते. उपाय: प्रवाह एकदम न चढवणं, निकेल-वायएसझेडमध्ये जीडीसी मुरवणं किंवा थेट निकेल-जीडीसी वापरणं, आणि वाफेबरोबर किमान १० टक्के हायड्रोजन कायम ठेवणं. हायड्रोजन तुटला तर निकेलचं ऑक्साइड होतं, आकारमान ७० टक्क्यांच्या आसपास वाढतं आणि सेल फुटतो. मग ऑक्सिजन इलेक्ट्रोडचा प्रश्नच उरत नाही.

निकेलऐवजी जाळीतूनच धातूचे कण उगवणारे ऑक्साइड हा मार्गही आशेचा आहे. सेंट अँड्र्यूजच्या गटाने २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की इलेक्ट्रोलिसिसचं व्होल्टेज लावून हे कण काही मिनिटांत उगवता येतात, आणि ते सांगाड्यात रुतलेले असल्याने सहज सरकत नाहीत. मी स्वतः अजून छोट्या चकत्यांवरच प्रयोग करतो आहे.

पुढचा सेल लावताना

पहिले २४ तास इंधन सेल म्हणूनच चालवा, प्रवाह हळूहळू वाढवत. मग इलेक्ट्रोलिसिस प्रति चौरस सेंटिमीटर ०.२५ अँपिअरने सुरू करा आणि दर टप्प्याला इम्पिडन्स घ्या. ओहमी आणि ध्रुवीकरण जोडीने चढायला लागले की त्याच दिवशी थांबा, प्रवाह उलटा करून काही तास इंधन सेल म्हणून चालवा. दोन्ही खाली आले तर सांधा अजून फाटलेला नाही. आले नाहीत तर सेल थंड करा. पुढे ओढत नेला तर सुरुवात कुठे झाली हे कळण्याइतका पुरावा उरत नाही.

थंड करताना मिनिटाला एक-दोन अंशांपेक्षा वेग नको. बाहेर काढलेला सेल त्याच दिवशी दोन्ही बाजूंनी टिपून घ्या आणि सिलिका जेल घातलेल्या बंद डबीत ठेवा. तुकडा सुटला असेल तर तो खालची बाजू वर करून, शेजारी त्याची जागा दाखवणारं रेखाटन ठेवून. दुसऱ्या कुणाला दाखवायची वेळ आली तर त्याला वक्रांच्या आधी तीच बाजू दाखवा.